लीन व्हायचं म्हणजे नेमकं काय करायचं? मंडळीत नव्याने आलेल्यांसाठी

मंडळीत, म्हणजे चर्चच्या समुदायात, नव्याने आलेल्या माणसाच्या कानावर पहिल्या महिन्यातच "लीन व्हा" हा उपदेश पडतो. कसं व्हायचं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. मान खाली घालून वावरायचं का? कुणी काही बोललं तर गप्प बसायचं का? साक्ष देताना, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सर्वांसमोर सांगताना, दर दोन वाक्यांनी "मी तर धूळ आहे" म्हणायचं का? बाप्तिस्मा घेऊन वर्ष-दोन वर्षं झालेले लोक हे विचारतात. जन्मापासून चर्चमध्ये असूनही आत्ता कुठे विश्वास मनावर घेतलेलेही विचारतात. प्रश्न अगदी रास्त आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. लीनता मनात आपोआप उगवेल म्हणून वाट पाहत बसलात तर आयुष्य जाईल. काही ठरावीक गोष्टी हातापायांनी करायला लागा, मन मागून येतं. त्या कोणत्या आणि कशा करायच्या, एवढंच या लेखात आहे. सोबत बायबलचा दुसरा भाग, म्हणजे नवा करार हवा. त्यातलंही एकच पत्र पुरेल, फिलिप्पैकरांस लिहिलेलं.

आधी पत्र वाचा, एका बैठकीत

पत्र लहान आहे. चार अध्याय, 104 वचनं. मोठ्याने वाचलं तरी पाव तासात संपतं. रोज चार वचनं असं तुकड्या-तुकड्यांनी वाचू नका. पत्र आलंय आणि घरातलं कुणीतरी ते वाचून दाखवतंय, तसं सलग वाचा.

वाचण्यापूर्वी गावाची थोडी ओळख करून घ्या. फिलिप्पै आजच्या ग्रीसच्या उत्तर भागात होतं. इ.स.पू. 42 मध्ये तिथे मोठी लढाई झाली आणि त्यानंतर रोमन सैनिकांना जमिनी देऊन तिथे वसवलं गेलं. शहराला रोमन वसाहतीचा दर्जा मिळाला आणि लोकांना त्याचा भारी अभिमान. तिथे सापडलेल्या शिलालेखांत माणसांनी आपापली पदं आणि मानमरातब ओळीने कोरून ठेवलेत. कोण कोणत्या पदावर होता आणि कुणाला काय सन्मान मिळाला, सगळं दगडावर. आपल्याकडे लग्नपत्रिकेत नावापुढे पदव्या आणि "माजी सरपंच" लावतात, त्याच जातकुळीचं ते.

अशा गावात मंडळी उभी राहिली ती जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेच्या घरी. ही हकीकत प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 मध्ये आहे. ही मंडळी उभी करणारा प्रेषित पौल नंतर तुरुंगातून त्यांना पत्र लिहितो आणि सुरुवातीलाच स्वतःची ओळख "दास" अशी करून देतो. दुसऱ्या काही पत्रांत तो आपण प्रेषित असल्याचं ठासून सांगतो, इथे तो शब्द काढतच नाही. दुसऱ्या अध्यायात येशूबद्दलचा तो प्रसिद्ध भाग येतो: देवाच्या स्वरूपाचा असून त्याने ते धरून ठेवलं नाही, स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप घेतलं, मरण सोसलं आणि तेही वधस्तंभावरचं. वधस्तंभ ही मुख्यतः गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. रोमन नागरिकाच्या वाट्याला ती सहसा यायची नाही. आपलं नागरिकत्व मिरवणाऱ्या गावात हे वाक्य वाचलं गेलं तेव्हा काहींच्या भुवया नक्की उंचावल्या असतील.

आणि मग चौथ्या अध्यायात पौल दोन बायकांची नावं घेतो, युवदीया आणि सुंतुखे. दोघी सुवार्तेच्या कामात त्याच्या बरोबरीने झटलेल्या. दोघींचं एकमेकींशी पटेना. एकचित्त व्हा, अशी तो दोघींना वेगवेगळी विनंती करतो. दुसऱ्या अध्यायातलं एवढं उंच वर्णन ज्या मंडळीसमोर वाचलं जाणार होतं, तिच्यात हे भांडण चालू होतं. पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, एखाद्या बैठकीला जो बसलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पत्र आकाशातून सुरू होऊन थेट आपल्या बाकापर्यंत येतं.

पहिली पायरी: कुठे टोचतं ते शोधा

"मला गर्व आहे का?" असं स्वतःला विचारून काही उपयोग नाही. उत्तर नेहमी "तसा नाही" असंच येतं. त्यापेक्षा टोचतं कुठे, ते पाहा.

नाताळच्या कार्यक्रमाचा शेवट डोळ्यांसमोर आणा. सेक्रेटरी माइकवर आभार मानायला उभे राहतात. मंडपवाले, साउंडवाले, केक देणारे, चहाची जबाबदारी घेतलेलं कुटुंब, क्वायर, नाटुकलं बसवणाऱ्या ताई. मेंढपाळांचे कपडे मात्र तुम्ही शिवलेत. जुन्या चादरी फाडून, तीन रात्री बसून. यादी पुढे सरकते, पुढे सरकते, आणि "शेवटी पाळकसाहेबांचे आभार मानून मी माझे दोन शब्द संपवतो" असं म्हणून ते खाली बसतात. शेजारच्या काकू म्हणतात, "अगं, तुझं नाव राहिलंच की!" तुम्ही हसून म्हणता, "त्यात काय, प्रभू पाहतो ना." आणि घर येईपर्यंत रिक्षात एक शब्द बोलत नाही.

ती गप्प बसलेली रिक्षा म्हणजे तुमचं निदान. वहीत लिहून ठेवा: कोणत्या प्रसंगी, कुणामुळे, किती वेळ टोचलं. दोन आठवडे फक्त नोंद करा, सुधारायला जाऊ नका.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या साधकाने दोन आजार वेगळे ओळखले होते, आणि ते वेगळे ठेवणं आजही उपयोगी पडतं. एक, लोकांनी वाहवा करावी ही हौस. दुसरा, मला कुणाचीच गरज नाही हा ताठा. नाव राहिलं म्हणून टोचतं तो पहिला. दुसरा शोधायला अवघड, कारण तो शांत असतो आणि बाहेरून परिपक्व विश्वासासारखा दिसतो. त्याची एक खूण सांगते. असा माणूस बुधवारच्या प्रार्थनासभेत सगळ्यांसाठी प्रार्थना करतो, पण स्वतःसाठी प्रार्थना-विनंती कधीच देत नाही. नोकरी गेली, मुलगा बोलत नाही, साखर चारशेवर गेली, मंडळीला पत्ता नसतो. "आपलं काय लोकांना सांगायचं" यात संकोच असू शकतो, मान्य. पण बरेचदा त्यात मदत घेणारा होण्याची लाज असते, आणि मदत करणाऱ्याची खुर्ची सुटत नसते.

पहिल्या आजारावर औषध लपून केलेलं काम. दुसऱ्यावर औषध मागणं. दोन्ही पुढे येतात.

दुसरी पायरी: आपली यादी लिहा

तिसऱ्या अध्यायात पौल स्वतःची यादी देतो. आठव्या दिवशी सुंता, इस्राएल वंशाचा, बन्यामीन कुळातला, इब्र्यांचा इब्री, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी (म्हणजे ते काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला), नीतिमत्त्वात निर्दोष. फिलिप्पैच्या शिलालेखासारखीच यादी, आणि पुढच्याच वाक्यांत तो ती उलटी टाकतो: ख्रिस्तापुढे हे सगळं मी हानी समजतो, केरकचरा समजतो.

एका कागदावर तुमची यादी लिहा. शिक्षण, पगार, गोरेपण, इंग्रजी, मुलं कुठे शिकतात, सगळं. यात न थांबता चर्चमधली यादीही लिहा, कारण खरी जड तीच असते. "आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती, आजोबा मिशनच्या शाळेत हेडमास्तर." "आम्ही नवे असलो तरी खरे आत्म्याने भरलेले, जुन्या चर्चमध्ये नुसता रिवाज उरलाय." "चाळीस दिवसांचा उपास पुरा केला." "आमच्या मंडळीत शिकवण शुद्ध आहे." आणि मराठी ख्रिस्ती घरांत ज्याच्याबद्दल मोठ्याने बोललं जात नाही ती ओळ: बाप्तिस्म्याच्या आधीची जात. लग्नाची बोलणी निघाली की ती कुठून तरी येऊन मधोमध बसते. ती ओळ यादीत लिहायला जमली नाही तर बाकी यादी लिहून फारसा फायदा नाही, असं मी स्पष्टच म्हणेन. लक्ष्मीबाई टिळकांनी सोवळंओवळं टाकलं ते स्वतः बाप्तिस्मा घेण्याच्या आधी. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं लोटली, आणि आपण अजून आडनावावरून अंदाज बांधतोय.

यादी फाडायची नाही. पौलही बन्यामीन कुळातला असल्याचं नाकारत नाही, त्याच्या जोरावर देवापुढे आणि माणसांपुढे उभं राहणं तेवढं सोडतो. मिळालेल्या देणग्या कामाला लावायच्या, त्यांचा भाव सांगत फिरायचं नाही.

याचं आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाईंचं देते. 1878 मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेऊन "पंडिता" आणि "सरस्वती" हे किताब दिले. संस्कृत मुखोद्गत असलेली वीस वर्षांची मुलगी! पुढे ख्रिस्ती झाल्यावर केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या, टाकून दिलेल्या मुली-बायकांमध्ये त्यांनी आयुष्य घालवलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर हाती घेतलं, तेही गावच्या अर्धशिक्षित बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून. 1922 मध्ये रमाबाई गेल्या आणि संपूर्ण बायबल त्यानंतर बाहेर आलं. विद्वत्ता त्यांनी फेकून दिली नाही. ज्यांना तिचं कौतुक करता येणार नव्हतं अशांसाठी ती खर्च केली. तुमच्या यादीतली एखादी ओळ अशी कुठे खर्च करता येईल, तेही कागदाच्या मागच्या बाजूला लिहा.

तिसरी पायरी: एक काम, कुणाला न कळता

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दानधर्माबद्दल सांगतो की उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू देऊ नका. हे शब्दशः पाळायची सोय जवळपास प्रत्येक मंडळीत असते, कारण कुणालाच नको असलेली कामं तिथे भरपूर पडलेली असतात. सतरंज्या झटकणं, खुर्च्या रचून ठेवणं, पावसाळ्यात दारातल्या चपला बाजूला करून चिखल पुसणं, शौचालय धुणं.

माझ्या मते शिकाऊ माणसासाठी सगळ्यात चांगलं काम म्हणजे प्रभुभोजनाचे, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचे, पेले धुणं. उपासना संपली की सगळे बाहेर चहाला जातात. आत ट्रेमध्ये शंभर-सव्वाशे छोटे पेले उरतात, अंगठ्याच्या पेराएवढे. तळाशी द्राक्षरसाचा थेंब वाळून चिकट झालेला असतो. आत बोट जात नाही, बाटली घासायचा ब्रशही जात नाही. कोमट पाण्यात भिजत घालायचे, कापडाची सुरळी करून एकेक पेला आतून फिरवायचा, मग उपडे घालून कोरडे करायचे. अर्धा-पाऊण तास लागतो. बाहेर गप्पा रंगलेल्या ऐकू येतात आणि आपला चहा गार होतो. हे काम महिनाभर घ्या. बहुतेक मंडळ्यांत एखादी मावशी ते वर्षानुवर्षं एकटीच करत असते. तिला विचारून, तिच्या हाताखाली करा. तिची पद्धत चुकीची वाटली तरी तिच्याच पद्धतीने.

दोन अटी. फोटो नाही, स्टेटस नाही. आणि घरी सांगायचं नाही. दुसरी अट जास्त कठीण आहे. "आज जरा उशीर झाला, ते पेले धुवायचे होते ना" हे वाक्य जिभेच्या टोकावर येऊन थांबेल. ते गिळायचं. व्यायाम खरा तिथेच आहे.

योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, ते याच्या शेजारी वाचा. पवित्र गुरुवारी कॅथोलिक चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, हे वसईच्या वाचकांना माहीत आहे. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस निवडून आले आणि त्यांनी हा विधी रोममधल्या बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन केला. त्यांनी ज्यांचे पाय धुतले त्यांत मुलीही होत्या आणि मुसलमानही. वरच्या माणसाने खाली वाकलेलं आपल्याला आवडतं, डोळ्यांत पाणी येतं. पण त्या अध्यायातला पेत्र हा शिष्यही विसरू नका, तो येशूला आपले पाय धुऊ देईना. त्याची अडचण पाय धुण्याची नव्हती, धुवून घेण्याची होती. मघाशी म्हटलेला दुसरा आजार ज्यांना आहे त्यांनी या महिन्यात पेले धुण्याऐवजी उलटं करावं: एक खरी अडचण प्रार्थनासभेत उभं राहून सांगावी, आणि कुणी डबा आणून दिला तर "कशाला उगाच" न म्हणता घ्यावा.

चौथी पायरी: कुणी चूक दाखवली तर

इथे बहुतेकांचा घसरा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दुसरा राजे, अध्याय 5 मधला नामान आठवा. अरामाचा सेनापती, कोड झालेला. बरा व्हायला तो इस्राएलातल्या अलीशा संदेष्ट्याच्या दारी जातो. अलीशा बाहेर येऊन भेटत नाही, नुसता निरोप पाठवतो: यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान भडकतो. आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत? मुळात या प्रवासाची कल्पना त्याच्या बायकोच्या दासीची, धरून आणलेल्या एका पोरीची. आणि परत फिरलेल्याला समजावतात ते त्याचे चाकर. म्हणजे त्या गोष्टीत शहाणपणाची प्रत्येक सूचना खालच्या माणसाकडून येते. तुमच्या बाबतीतही बरेचदा तसंच होईल. चूक दाखवणारा वयाने लहान असेल, कमी शिकलेला असेल, किंवा त्याची सांगायची पद्धत वाईट असेल. सून सांगेल. संडे स्कूलचं पोरगं सांगेल, "काकू, तुम्ही वचन चुकीचं म्हणालात."

करायचं ते असं. पहिलं उत्तर ठरवून ठेवा: "बरं झालं सांगितलंस, मी विचार करते." एवढंच. "पण" हा शब्द त्या दिवशी वापरायचा नाही. ज्याने सांगितलं त्याच्या चुका त्या वेळी आठवायला लागतील, ती सगळ्यांची सवय असते. आठवू द्या, बोलू नका. एक रात्र जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहा, सांगितलेल्यातलं किती खरं आहे. सगळं नसेल, चार आणे असेल. त्या चार आण्यांपुरतं जाऊन सांगा: "तू म्हणालास ते या बाबतीत बरोबर होतं." उरलेल्या बारा आण्यांचा हिशेब मागायचा नाही.

व्हॉट्सअॅपवर कुणी सर्वांसमोर चूक दाखवली तर ग्रुपवर वाद घालू नका. चूक असेल तर ग्रुपवरच एका ओळीत कबूल करा. नसेल तर त्या व्यक्तीला फोन करा. टाइप करताना हात थरथरत असतील तर फोन खाली ठेवा.

आणि एक माणूस निवडा. नवरा-बायको शक्यतो नको, तिथे जुने हिशेब असतात. मंडळीतला वयाने मोठा, तोंड सांभाळणारा कुणीतरी. त्याला सांगा की महिन्यातून एकदा मी येईन, माझ्यात काय खटकतं ते सांगा. पहिल्या दोन वेळा तो काही सांगणार नाही, "तुम्ही चांगले आहात हो" म्हणेल. तिसऱ्या वेळी सांगेल. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली तिचा सातवा अध्याय लीनतेच्या बारा पायऱ्यांवर आहे, आणि त्यातली पाचवी पायरी हीच: मनातलं वाईट मठाधिपतीपासून न लपवता सांगणं. आपल्याकडे मठ नाही, पण चहाचं टेबल आहे.

पाचवी पायरी: माफी, जशी मागायला हवी तशी

मराठीत माफी न मागता माफी मागायच्या पुष्कळ युक्त्या आहेत. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी." "माझ्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर मोठ्या मनाने..." "मी तर आधीच म्हटलं, मीच वाईट." यातल्या एकाही वाक्यात काय केलं ते नाही.

वाक्य असं हवं: "परवा कमिटीत मी तुमचा हिशेब सगळ्यांसमोर खोटा म्हटला. माझ्याकडे पुरावा नव्हता. माझी चूक झाली. मला क्षमा करा." केलेली गोष्ट, तिचं नाव, मागणी. कारण सांगायचं नाही. त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं, हे खरं असलं तरी नाही. सर्वांसमोर बोललो असू तर माफीही त्याच सर्वांसमोर. येशूने मत्तयाच्या पाचव्या अध्यायात क्रम सांगितलाय: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर. प्रभुभोजनाचा रविवार जवळ आला की हा क्रम आठवावा. शनिवारची संध्याकाळ त्यासाठी चांगली असते.

बाराव्या शतकात फ्रान्समधल्या बर्नार्ड या मठाधिपतीने बेनेडिक्टच्या शिडीची उलटी बाजू लिहिली, म्हणजे गर्वाच्या बारा पायऱ्या. त्यातली नववी मला फार नेमकी वाटते: ढोंगी कबुली. माणूस आपला दोष इतका वाढवून सांगतो की ऐकणाऱ्याने म्हणावं, "छे छे, तुम्ही आणि असं? शक्यच नाही." साक्षीच्या वेळी "मी महापापी, माझ्यासारखा नीच कुणी नाही" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फक्त एवढं म्हणून पाहा की तुम्ही गेल्या महिन्याचे भाड्याचे पैसे उशिरा दिलेत. मग लीनता किती खोल आहे ते कळतं. स्वतःसाठी नियम सोपा: मोठी कबुली कमी, छोटी आणि नेमकी जास्त.

समोरच्याने माफ केलं नाही तर? तो त्याचा अधिकार. एकदा नीट मागावी, काही भरपाई द्यायची असेल ती द्यावी आणि थांबावं. रोज मेसेज टाकून माफी वसूल करणं हीही एक दादागिरीच आहे. दोघांचं अजिबात जुळत नसेल तर पौलाने चौथ्या अध्यायात केलं तसं करा. त्याने एका विश्वासू सोबत्याला त्या दोघींना मदत करायला सांगितलं. मध्यस्थ आणण्यात कमीपणा नाही.

सहावी पायरी: दुसऱ्याचं चांगलं झालं तर

ही छोटी आहे पण रोज लागते. पहिल्या अध्यायात पौल सांगतो की काही जण हेव्याने, त्याला त्रास व्हावा म्हणून सुवार्ता सांगतात. तरी ख्रिस्ताची घोषणा होतेय ना, मग यात मी आनंद करतो, असं तो तुरुंगातून म्हणतो. तुमच्या जागी दुसऱ्याला विशेष गीत मिळालं, शेजारच्या मंडळीत माणसं वाढली, तुमच्यानंतर आलेला डिकन (मंडळीचा सेवक-पदाधिकारी) झाला, तर त्याच आठवड्यात त्या व्यक्तीसाठी नाव घेऊन प्रार्थना करा आणि तिच्याबद्दल एक खरी चांगली गोष्ट तिसऱ्या माणसाला सांगा. खोटं कौतुक नको. खरं एक तरी सापडतंच.

कुठे वाकायचं नाही

लीनतेच्या नावाखाली मंडळ्यांत काय काय चालतं ते पाहिल्यावर हा भाग गाळणं मला बरोबर वाटत नाही.

पुन्हा फिलिप्पैला चला. पौल आणि त्याचा सहकारी सीला यांना तिथे चौकशीशिवाय छड्या मारून तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला की सोडून द्या. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक, आम्हाला उघडपणे मारलं आणि आता गुपचूप घालवता? स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या. आणि त्यांना यावं लागलं. पुढे याच गावाला लीनतेचं पत्र लिहिणारा हाच माणूस. मोशेला तर गणना, अध्याय 12 मध्ये पृथ्वीवरचा सर्वांत नम्र माणूस म्हटलंय, आणि फारो या मिसरच्या राजापुढे उभा राहून "माझ्या लोकांना जाऊ दे" म्हणणाराही तोच.

तेव्हा नवरा मारत असेल आणि कुणी म्हणालं "अधीन राहा, लीन राहा", तर ते ऐकायचं नाही. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे, आणि मंडळीत विश्वासाची बाई असेल तर तिला लगेच सांगा. मंडळीच्या पैशांचा हिशेब विचारल्यावर "तुमच्यात नम्रता नाही" असं उत्तर आलं, तर तो हिशेब पुन्हा विचारा, लेखी विचारा. लहान मुलाशी कुणी गैर वागलं तर पदाकडे न पाहता पोलिसांत जा. आणि ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना खाली बसायलाच सांगितलं गेलं, त्यांना आणखी खाली बसा म्हणणारा उपदेश पुन्हा तपासून घ्यावा. "मी कुणीच नाही" हे जर दुसऱ्याने तुमच्या मनात भरवलेलं असेल, तर तुमची पहिली पायरी ताठ उभं राहण्याची आहे. वरचे व्यायाम नंतर करा.

रोजचं आणि महिन्याचं

सकाळी गुडघे टेकून प्रार्थना करता येत असेल तर करा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीत करा. प्रार्थनेत स्वतःच्या योजना सांगण्याआधी आदल्या दिवसातल्या तीन माणसांबद्दल आभार माना, ज्यांच्यावाचून तुमचं चाललं नसतं. दूधवाला, बसचा ड्रायव्हर, ऑफिसात चुकलेली फाइल शोधून देणारा शिपाई. रात्री एकच प्रश्न: आज मी कुणाचं बोलणं मधेच तोडलं? नाव आलं तर उद्या त्याला पूर्ण बोलू द्या.

सगळ्या पायऱ्या एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे नोंद, मग यादी, मग महिनाभर एक काम. चूक ऐकून घेण्याची आणि माफीची वेळ तुम्ही ठरवायची नसते, ती आपली आपण येते. मधेच कधीतरी "मी आता बराच लीन झालोय" असं वाटेल. घाबरू नका, सगळ्यांना वाटतं. त्या आठवड्यात पुन्हा पेले धुवायला जा.

प्रगती मोजायची असेल तर सहा महिन्यांनी घरातल्या एखाद्याला विचारा. "मी नम्र झालो का?" असं नको, त्यावर घरचे हसतील. "हल्ली मी तुमचं ऐकून घेतो का?" असं विचारा. मग जे उत्तर येईल त्यावर खुलासा द्यायचा नाही. आणि त्यांनी उदाहरणं द्यायला सुरुवात केली तर वही आणा.